टोपीतला हात आणि कच्चं लिंबू



'हँडिकॅप' हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला तो एस.टी.च्या पासमुळे आणि रेल्वेच्या राखीव डब्यामुळे. त्यामुळे माझा ओहायोतला पुतण्या जेव्हा फोनवर आईला म्हणाला, "माझं हँडिकॅप आता बावीसवर आलंय," तेव्हा धुळ्याला आमच्या वहिनींच्या पोटात गोळा आला. त्यांनी लगेच मला जळगावला फोन लावला. "भाऊजी, पोराच्या पायाला काही झालंय का हो? बावीस टक्के म्हणतोय. आणि वर आनंदानं सांगतोय!"

पाय ठणठणीत होता. पोरगा वयाच्या पन्नाशीत गोल्फ खेळायला लागला होता, इतकंच. ऑफिसातल्या दहा-बारा जणांची लीग आहे, दर बुधवारी संध्याकाळी खेळतात. आता गोल्फ हा खेळ आपल्या खानदेशात कुणी कशाला पाहिला असेल? आपला गोल्फशी संबंध आला तर नाशिकच्या 'गोल्फ क्लब मैदाना'पुरता. तिथे नाव गोल्फचं आणि रणजीचे सामने क्रिकेटचे. तर वहिनींची समजूत घालायची म्हणून पुतण्याकडून सगळं नीट समजून घेतलं आणि मग त्या शब्दाच्या मागेच लागलो. मास्तरकीची खोड, दुसरं काय! पण जे हाती लागलं ते मला फार मोलाचं वाटलं, म्हणून आज हा लांबलचक लेख.

प्रश्न जुनाच आहे. दोघं सारख्या ताकदीचे नसतील तर त्यांनी एकमेकांशी खेळावं कसं? बलवान दरवेळी जिंकणार आणि दुबळा दरवेळी हरणार असेल तर चौथ्या दिवशी दोघांनाही कंटाळा येतो. आपल्याकडे पोरांनी यावर उपाय काढला तो कच्च्या लिंबाचा. लहान भाऊ मागे लागला, आई ओरडली, की त्याला खेळात घ्यायचं, पण कच्चं लिंबू म्हणून. तो बाद झाला तरी बाद नाही, त्याच्यावर राज्य नाही. मात्र त्यानं कुणाला शिवलं तर तेही धरायचं नाही! म्हणजे तो खेळात असून खेळात नाही. तुम्ही-आम्ही सगळे कधी ना कधी कच्चं लिंबू होतो, आणि त्यात किती राग यायचा तेही आठवत असेल.

कुस्तीत दुसरी रीत. जत्रेच्या फडात पंच दोन पोरांना शेजारी उभं करतात, खांदे बघतात, मांड्या बघतात आणि नजरेनं जोड लावतात. तिथे वजनकाटा नसतो. ऑलिम्पिकमध्ये काटा असतो. आपले खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला फ्लायवेट गटात खेळले आणि सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला बँटमवेट, म्हणजे ५७ किलोच्या गटात त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. गट नसते आणि शंभर किलोच्या मल्लाशी गाठ पडली असती तर काय झालं असतं हे सांगायला नको. पण बघा, वजनगट हा उपायही असमानांना एकत्र आणत नाही, वेगळं करतो. शंभर किलोचा आणि सत्तावन्न किलोचा एकमेकांशी खेळतच नाहीत.

हँडिकॅप ही तिसरी वाट. आणि तिची सुरुवात मैदानात नाही, बाजारात झाली.

हा शब्द 'हँड इन कॅप' म्हणजे 'टोपीत हात' यावरून आला. टोपी हातात धरून भीक मागणाऱ्या अपंगांवरून तो आला असं पुष्कळ लोक सांगतात, ते साफ खोटं आहे. इंग्लंडात वस्तूंच्या अदलाबदलीचा एक खेळ होता. समजा तुमच्याकडे घोडा आहे आणि माझ्याकडे झगा. अदलाबदल करायची, पण दोन्हींची किंमत सारखी नाही. मग तिसरा माणूस पंच म्हणून बसवायचा. तिघांनीही थोडे थोडे पैसे टोपीत टाकायचे. पंच दोन्ही वस्तू बघून सांगणार, की झगेवाल्यानं वर अमुक इतके पैसे द्यावेत म्हणजे सौदा बरोबरीचा. मग दोघांनी मुठी मिटून हात पुढे करायचे आणि एकदम उघडायचे. मुठीत नाणं असेल तर सौदा मंजूर, रिकामी असेल तर नामंजूर.

खरी गंमत पुढे आहे. दोघांनी मंजूर केलं किंवा दोघांनीही नामंजूर केलं, तर टोपीतले पैसे पंचाला. एकानं होकार आणि दुसऱ्यानं नकार दिला, तर सौदा मोडला आणि टोपीतले पैसे होकारवाल्याला. म्हणजे पंचानं कुणा एकाकडे झुकतं माप दिलं तर त्याचीच कमाई बुडाली! एकाला फार स्वस्त पडलं की तो होकार देणार, दुसरा नकार देणार. दोघांचं मन एकाच दिशेला जाईल इतका अचूक फरक काढणं हेच त्याचं काम. पंच प्रामाणिक असावा असं नुसतं म्हणून न थांबता, त्याचा फायदाच प्रामाणिकपणात ठेवला. ज्यानं हा नियम काढला त्याला माझा नमस्कार.

आपल्या गुरांच्या बाजारात रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरतो, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही. आमच्या वडिलांबरोबर मी लहानपणी अशा बाजाराला जायचो. बैलाला बैल आणि वर किती, हे दलाल दोघांचेही हात आळीपाळीनं रुमालाखाली धरून जमवायचा. दोन्हीकडच्या माना हलेपर्यंत तो हात सोडत नसे.

चौदाव्या शतकातल्या विल्यम लँगलंडच्या 'पीअर्स प्लाउमन' या काव्यात दारूच्या गुत्त्यावर झगा आणि टोपडं यांची अशीच अदलाबदल येते, फक्त तिथे तिचं नाव वेगळं आहे. १६६० साली सॅम्युएल पीप्स हा प्रसिद्ध रोजनिशीकार हँडिकॅप नावाच्या खेळाची नोंद करतो आणि हा खेळ आपल्याला आधी ठाऊक नव्हता असंही लिहितो.

पुढच्या शतकात हा शब्द घोड्यांकडे गेला. दोन घोड्यांची शर्यत लावायची, पण एक सरस आहे. मग पंचानं ठरवायचं, की सरस घोड्यानं किती जास्त वजन पाठीवर घ्यावं. मुठी उघडण्याची रीत तीच. हळूहळू टोपी गेली, मूठ गेली, वजन तेवढं राहिलं. १७९१ साली ॲस्कॉटच्या 'ओटलँड्स स्टेक्स' या शर्यतीत असं वजन ठरवून एकोणीस घोडे एकदम धावले. पुढे एकोणिसाव्या शतकात ॲडमिरल रूस नावाच्या निवृत्त आरमारी अधिकाऱ्यानं घोड्याचं वय आणि महिना बघून वजनाचं कोष्टक बसवलं. वजन ठरवणाऱ्याचं स्वप्न काय, तर सगळे घोडे एकाच क्षणी खांबापाशी पोचावेत. ते जवळजवळ खरं झालं १८५७ साली. इकडे आपल्याकडे उठावाची धामधूम चालू होती आणि तिकडे न्यूमार्केटला सेझारेविच शर्यतीत तीन घोडे एकदम पहिले आले, शर्यत पुन्हा घ्यावी लागली. पुण्याला पावसाळ्यात आणि मुंबईला महालक्ष्मीवर हिवाळ्यात ज्या शर्यती होतात त्यांतही हेच वजनाचं तंत्र आहे. खिसे रिकामे करणाऱ्या त्या प्रकाराबद्दल मी अधिक लिहीत नाही.

आता गोल्फ. ज्यांना अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मोठ्या मैदानात अठरा ठिकाणी जमिनीत भोकं असतात, त्यांना होल म्हणतात. काठीनं चेंडू मारत मारत तो भोकात घालायचा. कमीत कमी फटक्यांत जो घालेल तो जिंकला. तरबेज खेळाडूला एका होलला किती फटके लागावेत याचा आकडा ठरलेला असतो, त्याला 'पार' म्हणतात. अठरा होल मिळून पार साधारण ७२ असतो.

या खेळात असमानांचा प्रश्न फार लवकर उभा राहिला. १६८७ साली एडिंबरोत वैद्यकी शिकणाऱ्या टॉमस किंकेड या तरुणानं आपल्या रोजनिशीत विचारलं आहे: कच्च्या खेळाडूला तीनांतले दोन होल सोडून बरोबरीची पैज लावावी, की बरोबरीनं खेळावं आणि त्याच्या एकाला आपण तीन लावावेत? म्हणजे सवलत खेळात द्यावी की पैशात! सव्वातीनशे वर्षांपूर्वीचा विद्यार्थी जेवण झाल्यावर यावर विचार करत बसला होता, हे वाचून मला बरं वाटलं. पुढे दोनशे वर्षं मित्रामित्रांत तोंडी करार चालायचे. दर दुसऱ्या होलला एक फटका सूट, दर तिसऱ्या होलला एक. 'बिस्क' नावाचा एक मजेदार प्रकार होता, त्यात सुटीचा फटका आपल्याला हवा त्या होलवर मागता येई.

ओळखीच्या दोघांत हे ठीक चालतं. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आगगाडीनं गावोगावचे खेळाडू एकमेकांकडे जाऊ लागले आणि भांडणं सुरू झाली. एका क्लबातला दहा म्हणजे दुसऱ्या क्लबातला सोळा. आपल्या एका शाळेतले सत्तर टक्के आणि दुसऱ्या शाळेतले सत्तर टक्के सारखे नसतात, तसंच.

हा गुंता पहिल्यांदा बायकांनी सोडवला, हे मुद्दाम लिहितो. १८९३ साली ब्रिटनमध्ये 'लेडीज गोल्फ युनियन' स्थापन झाली. तिची मानद चिटणीस इसेट पिअर्सन हिनं देशभरच्या क्लबांना लागू पडेल अशी एकच पद्धत बसवायला घेतली आणि चिकाटीनं ती रुजवली. पुरुषांचे क्लब आपापल्या तोऱ्यात होते, त्यांची देशपातळीवरची घडी बसायला १९२० चं दशक उजाडलं. याच इसेट पिअर्सनबाई १८९३ आणि १८९४, दोन्ही वर्षी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात लेडी मार्गारेट स्कॉट हिच्याकडून हरल्या होत्या. अजिंक्यपदाला हँडिकॅप नसतं. स्वतःपेक्षा सरस माणसाशी खेळणं म्हणजे काय हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

अमेरिकेत लेटन कॅल्किन्स यांच्या मांडणीवरून १९११ च्या सुमारास तिथल्या गोल्फ संघटनेनं पहिली देशव्यापी पद्धत घेतली. तरी एक अडचण राहिलीच. ती समजायला आपल्या लळिंगच्या घाटाकडे चला. दोन सायकलस्वार घ्या, एक पैलवान आणि एक आमच्यासारखा मास्तर. सपाट रस्त्यावर दोघांत दहा मिनिटांचा फरक पडत असेल, तर घाट चढताना तो अर्ध्या तासाचा होतो. घाट दोघांनाही अवघड, पण कच्च्याला जास्त अवघड. मैदानांचंही तसंच. डीन नूथ या गृहस्थांच्या कामातून १९८० च्या दशकात प्रत्येक मैदानाला 'स्लोप' नावाचा आकडा मिळाला. तरबेज आणि सामान्य खेळाडूतला फरक या मैदानावर किती वाढतो, हे तो सांगतो. तो ५५ पासून १५५ पर्यंत असतो आणि ११३ हा प्रमाण मानलेला.

गणित आवडणाऱ्यांसाठी एक उदाहरण. पुतण्याला अठरा होलना ९५ फटके लागले. त्या मैदानावर तरबेज खेळाडूला ७१.२ लागतील असं आधीच मोजून ठेवलेलं आहे. फरक २३.८. मैदानाचा स्लोप १२४. तर २३.८ ला ११३ नं गुणायचं आणि १२४ नं भागायचं, उत्तर आलं २१.७. हा त्या दिवसाचा आकडा. असे शेवटचे वीस आकडे घ्यायचे, त्यांतले सर्वांत चांगले आठ निवडायचे आणि त्यांची सरासरी काढायची. ते झालं हँडिकॅप. ज्याला गणित नको त्यानं एवढंच लक्षात ठेवावं, की बावीस हँडिकॅपवाल्याला अठरा होलांत साधारण बावीस फटके माफ.

आता बुधवारची संध्याकाळ. ऊन्ह उतरल्यावर नऊच होल खेळतात, म्हणून हँडिकॅप निम्मं. पुतण्याचे अकरा. त्याचा जोडीदार लहानपणापासून खेळणारा, त्याचे तीन. पुतण्याला ५० फटके लागले, वजा अकरा, उरले ३९. जोडीदाराला ४१, वजा तीन, ३८. पुतण्या एका फटक्यानं हरला. पुढच्या आठवड्यात याला ४८, म्हणजे ३७. त्याला ४२, म्हणजे ३९. हा जिंकला! आणि जिंकला म्हणून याचा आकडा थोडा खाली आला, पुढच्या वेळी सूट कमी. काही लीगमध्ये एकेका होलवर सामना होतो. तेव्हा दोघांतला फरक, अकरातून तीन म्हणजे आठ फटके, सर्वांत अवघड होलपासून एकेक करून वाटतात. नऊ होलांपैकी आठांवर याला एकेक फटका माफ, सर्वांत सोप्यावर नाही. काही लीग पूर्ण हँडिकॅप देतात, काही ऐंशी-नव्वद टक्केच. त्यावरून वर्षाच्या सुरुवातीला बैठकीत चांगली वादावादी होते म्हणे. म्हणजे आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेसारखंच.

"काका," पुतण्या म्हणाला, "मी त्याला हरवलं तेव्हा तो खरंच हरलेला असतो. चिडतोसुद्धा!"

मला या चिडण्यातच सगळं आलं असं वाटतं. कच्च्या लिंबावर कुणी चिडत नाही.

वीसपैकी आठच का, सरळ सरासरी का नाही, असा प्रश्न मलाही पडला. कारण हँडिकॅप तुम्ही सहसा कसे खेळता हे मोजत नाही, जीव लावून खेळलात तर कुठवर जाता हे मोजतं. त्यामुळे आपल्या हँडिकॅपइतका खेळ माणसाला चार-पाच खेपांत एखादवेळीच जमतो. रोज जमत असेल तर आकड्यात काहीतरी गोम आहे.

कारण लबाडी आलीच. मुद्दाम वाईट खेळून आकडा फुगवायचा आणि बक्षिसाच्या दिवशी खरा खेळ काढायचा. आमच्या एका शाळेत 'सर्वाधिक प्रगती' असं एक बक्षीस ठेवलं होतं. पहिल्या घटक चाचणीत आणि वार्षिक परीक्षेत ज्याचा फरक जास्त त्याला. दुसऱ्याच वर्षी एक हुशार पोरगा घटक चाचणीत चक्क कोरा पेपर देऊन गेला! बक्षीस त्यानं पटकावलं आणि तिसऱ्या वर्षी बक्षीसच बंद झालं. गोल्फवाल्यांनी बंद न करता कुंपणं घातली. एका होलला दहा-बारा फटके मारले तरी हँडिकॅपसाठी ठरावीक मर्यादेपर्यंतच धरतात. वर्षभरातल्या सर्वांत चांगल्या आकड्यापेक्षा तीनच्या वर वाढ झाली तर पुढची वाढ निम्मीच मानतात आणि पाचच्या वर तर जाऊच देत नाहीत. वाईट खेळ चटकन मोजला जात नाही, चांगला लगेच मोजला जातो. तरी शेवटी कागदावर सही असते ती बरोबर खेळणाऱ्याची. टोपीजवळ बसलेला पंच आता तोच.

शब्दाचा पुढचा प्रवास मात्र मला खटकतो. घोड्याच्या पाठीवर जे वजन ठेवायचं तेही हँडिकॅपच, आणि ते मिळायचं सरस घोड्याला! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाच शब्द आधी मुलांना आणि मग मोठ्यांना, शरीरातल्या उणिवेसाठी लावला जाऊ लागला. बलवानाच्या पाठीवरचं ओझं दुबळ्याच्या नावाला चिकटलं. आपल्याकडे तो आला तो याच अर्थानं. आता दिव्यांग म्हणतात, पण बोलण्यात जुना शब्द गेलेला नाही.

इथे एक आठवण सांगतो. १९७८-७९ च्या सुमाराची गोष्ट, तापीकाठच्या एका गावी मी शिकवत होतो. सातवीत एक मुलगा होता, डावा पाय पोलिओनं गेलेला. मधल्या सुट्टीत पोरं फाटकापासून विहिरीपर्यंत पळायची शर्यत लावायची. याला कच्चं लिंबू म्हणून बरोबर घ्यायचे, कुठेही असला तरी "तूबी पहिला" म्हणायचे. एक दिवस तो हट्टाला पेटला. मला कच्चं लिंबू नको, म्हणाला. पोरं गोंधळली, आपसात बोलली आणि त्यांनी त्याला वाटेतल्या कडुलिंबाजवळ उभं केलं. तिथून तो पळणार, बाकीचे फाटकापासून. पहिल्या दिवशी तो फार सहज जिंकला, तर दुसऱ्या दिवशी त्याला चार पावलं मागे आणलं. मग हरला, तर दोन पावलं पुढे. आठ-दहा दिवस ही मापामापी चालली होती. जमिनीवर विटकरीच्या तुकड्यानं रेघा मारलेल्या मी पाहिल्या आहेत. शेवटी अशी एक रेघ सापडली की कोण जिंकणार हे कुणालाच सांगता येईना, आणि मग ती शर्यत बघायला आठवीची पोरंसुद्धा यायला लागली. तो हरला की रडायचा आणि जिंकला की आठवडाभर मिरवायचा. ॲडमिरल रूसचं नाव त्या गावात कुणी ऐकलं नव्हतं.

२०२० साली जगातल्या सहा वेगवेगळ्या पद्धती मोडून गोल्फची एकच जागतिक पद्धत झाली. आता पुण्यातला आकडा ओहायोत चालतो. तिच्यात कमाल मर्यादाही बदलली. ब्रिटनमध्ये बराच काळ पुरुषांना जास्तीत जास्त २८ आणि बायकांना ३६ मिळायचं. त्याहून कच्चा असलेल्यानं घरीच बसावं, असा त्याचा अर्थ. आता सगळ्यांना ५४, म्हणजे दर होलला तीन फटके माफ. पुतण्याच्या लीगमध्ये यंदा एक सत्तरीच्या आजीबाई ५४ घेऊन आल्या आहेत. तिसऱ्या बुधवारी त्यांनी त्याला दोन फटक्यांनी हरवलं.